इमॅक्समधल्या दडलेल्या सोयी: मराठी-गुजराती मजकुराचं काम करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातल्या एका मराठी मंडळाची स्मरणिका आणि सभासदांची यादी तुम्ही इमॅक्समध्ये, म्हणजे या मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये, तयार करता. लेख मराठीत, पत्ते बरेचसे गुजरातीत, हिशेब इंग्रजीत. काही वर्षं वापरूनही फाइल उघडणं, सेव्ह करणं, कापणं-चिकटवणं आणि शोधणं यापलीकडे हात जात नाही. कमी लोकांना माहीत असलेल्या सोयींपैकी काय शिकावं, आणि इंटरनेटवर मिळणारी एखादी तयार कॉन्फिग (दुसऱ्याने करून ठेवलेली सेटिंग) उचलावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी वडोदऱ्यातल्याच दांडिया बाजारात अक्षरजुळणी आणि मजकूर दुरुस्तीचं काम करतो आणि दिवसभर इमॅक्सच उघडं असतं. त्यामुळे प्रोग्रामर लोकांच्या सोयी बाजूला ठेवून तुमच्यासारख्या कामाला काय उपयोगी पडतं तेवढंच सांगतो.

आधी कॉन्फिगचं. तयार कॉन्फिग आत्ता घेऊ नका. चांगल्या कॉन्फिग पुष्कळ आहेत, पण त्यात तुमच्या ओळखीच्या कीज बदललेल्या असतात आणि काही बिघडलं की दोष इमॅक्सचा, पॅकेजचा की त्या लिहिणाऱ्याच्या आवडीचा, हे कळायला मार्ग राहत नाही. खाली सांगितलेलं सगळं मूळ इमॅक्समध्येच आहे, एकही पॅकेज (वरून घालायची जोड) टाकावं लागत नाही. काही विचित्र वागलं तर टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावरून) इमॅक्स सुरू करताना हायफन आणि मोठा क्यू द्या. मग ते तुमची कोणतीही सेटिंग न वाचता कोरं उघडतं. तिथेही तीच अडचण आली तर ती इमॅक्सची, नाहीतर आपल्या सेटिंगची. एवढं एक माहीत असलं की रात्र रात्र डोकं धरून बसावं लागत नाही.

आता खरी गोष्ट. दडलेल्या सोयींच्या याद्या वाचून त्या अंगवळणी पडत नाहीत, दोन दिवसांत विसरतात. सोय हवी त्या क्षणी ती एडिटरलाच विचारता आली पाहिजे, आणि इमॅक्स त्यासाठीच बांधलेलं आहे. १९७६ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत मॅक्रोंचा (नोंदवून ठेवलेल्या आज्ञांचा) संच म्हणून ते सुरू झालं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ मध्ये त्यावर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच 'स्वतःची माहिती स्वतः देणारं' हे विशेषण आहे. आज आपण वापरतो ते ग्नू इमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हाती आहे. हा गुण तेव्हापासूनचा, आणि तरीही सर्वांत कमी वापरला जाणारा.

कंट्रोल-एच आणि मग के दाबून कोणतीही की दाबा, ती काय करते ते समोर येतं. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते असं की कोणत्याही अर्धवट कीनंतर कंट्रोल-एच दाबता येतं. कंट्रोल-एक्स, मग आर, आणि मग कंट्रोल-एच दाबून बघा: त्या दोन कीजपासून सुरू होणाऱ्या सगळ्या आज्ञांची यादी उघडते. आयत (मजकुराचा चौकोनी भाग), रजिस्टर (मजकूर किंवा जागा साठवायचे कप्पे) आणि बुकमार्क यांचं अख्खं घर तिथे आहे. (फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या तिसाव्या आवृत्तीत व्हिच-की हा मोड आतच दिलाय. तो चालू केला की जरा थांबल्यावर ही यादी आपोआप खाली येते.) मेटा-एक्स, म्हणजे ऑल्ट धरून एक्स, सगळ्या हजारो आज्ञा दाखवतं. पण अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून शिफ्टही धरलं तर फक्त समोरच्या बफरला (उघडलेल्या मजकुराला) लागू पडणाऱ्या आज्ञा येतात. नवीन माणसाला मी आधी हीच की शिकवतो.

हात भलत्या कीवर पडून पडद्यावर काहीतरी उलटंपालटं झालं की कंट्रोल-एच, एल. शेवटच्या तीनशे कीज आणि त्यांनी चालवलेल्या आज्ञा ओळीने दिसतात. काय घडलं ते कळतं, आणि कित्येकदा एखादी उपयोगी आज्ञा अशीच अचानक सापडते.

आता मराठीकडे वळू, कारण तुमचा बराचसा त्रास तिथला असणार. २०२० साली आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून इमॅक्स अक्षरांची मांडणी हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतं, आणि तेव्हापासून जोडाक्षरं, वेलांट्या, रफार नीट दिसतात. मात्र हे स्वतंत्र खिडकीत उघडलेल्या इमॅक्सपुरतं. टर्मिनलमध्ये उघडलं तर मांडणी टर्मिनलच्या हाती जाते आणि काना-मात्रा सैरावैरा दिसू शकतात. मराठीचं काम खिडकीतच करा.

तुमच्या शहराचंच नाव घ्या. 'वडोदऱ्यात' हा शब्द स्मरणिकेत जागोजागी येणार. यातला अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अर्धं अक्षर दाखवायला सांगणारं चिन्ह). तिन्ही पडद्यावर आणि कागदावर सारखेच दिसतात. पण एका तऱ्हेने शोधलं की दुसऱ्या तऱ्हेचे शब्द सापडत नाहीत. चार लेखकांचे चार फोन, चार कीबोर्ड, त्यामुळे एकाच स्मरणिकेत तिन्ही प्रकार येतात. मग 'सगळीकडे बदललं तरी काही ठिकाणी राहिलंच कसं' असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

हे उघड करायची युक्ती: कर्सर त्या अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह. डिस्क्राइब-चार ही आज्ञा चालते आणि त्या अक्षराचं पूर्ण पान उघडतं: युनिकोड क्रमांक (प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला जागतिक क्रमांक), नाव, कोणता फॉन्ट वापरला, पुढच्या कोणत्या चिन्हांशी जोडून दाखवलंय. साध्या र चा क्रमांक २३५२, ऱ चा २३५३. इनपुट पद्धत चालू असेल तर ते अक्षर कसं टाइप करायचं तेही त्याच पानावर असतं, आणि दुसऱ्याने पाठवलेल्या मजकुरात अनोळखी चिन्ह दिसलं की ही ओळ फार कामाची.

त्याहून थेट उपाय मेटा-एक्स करून ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद करण्याचा. त्या बफरपुरती जोडाक्षरं सुटी होतात आणि प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त वेगळा दिसायला लागतो. एकोणतिसाव्या आवृत्तीपासून ग्लिफलेस-डिस्प्ले-मोड आहे, तोही सोबत चालू केला की एरवी न दिसणारे जॉइनर छोट्या चौकटींत दिसतात. पाहून झालं की दोन्ही पूर्ववत. रोजच्या टायपिंगसाठी कॉम्पोझिशन-ब्रेक-अॅट-पॉइंट हे सेटिंग चालू करून बघा. हेही एकोणतिसाव्या आवृत्तीतलं. कर्सर जिथे आहे तेवढंच जोडाक्षर उकलतं, बाकीचं पान जसंच्या तसं. 'क्ष्म्य'सारख्या गाठीत मधलाच एक हलन्त दुरुस्त करायचा असेल तर याला पर्याय नाही. बॅकस्पेस आणि डिलीट या दोन कीज जोडाक्षराशी वेगळ्या वागतात तेही लक्षात ठेवा: बॅकस्पेस शेवटचं एकच चिन्ह काढते, पण डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर काढू शकते. एकच चिन्ह पुढून काढायचं तर कंट्रोल-डी.

तिन्ही प्रकार एक कसे करायचे? मजकूर निवडून यूसीएस-नॉर्मलाइझ-एनएफसी-रीजन चालवा, नुक्तावाला र आपोआप ऱ होतो. जॉइनरवाला प्रकार त्याने बदलत नाही. तो शोधून-बदलून घ्यावा लागतो: र, हलन्त, जॉइनर यांच्या जागी ऱ आणि हलन्त. जॉइनर कीबोर्डवर नसतो, म्हणून कंट्रोल-एक्स, ८, एंटर करून त्याचा सोळाच्या पायावरचा क्रमांक किंवा इंग्रजी नाव द्यायचं. ही आज्ञा शोधण्याच्या ओळीतही चालते. फक्त सगळे जॉइनर सरसकट उडवू नका. काही लेखक अर्धं अक्षर मुद्दाम सुटं दाखवण्यासाठी ते वापरतात आणि ते हेतुपूर्वक असतं.

टायपिंगसाठी इमॅक्सच्या आतच देवनागरी आणि गुजराती, दोन्हीच्या इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) व आयट्रान्स (इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची) पद्धती आहेत. कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद होतात, आणि आधी कंट्रोल-यू दाबलं तर कोणती पद्धत हवी ते विचारतं. प्रत्येक बफरची पद्धत वेगळी राहते, ही खरी मौज आहे: डाव्या खिडकीत मराठी लेख, उजवीकडे गुजराती पत्ते, आणि खिडकी बदलली की कीबोर्ड आपोआप बदलतो. संगणकाचा कीबोर्ड सारखा पालटणाऱ्याला या सुखाची कल्पना येत नाही. शोधतानाही कंट्रोल-बॅकस्लॅश चालतं. मांडणी आठवत नसेल तर कंट्रोल-एच आणि मोठा आय. इनस्क्रिप्टमध्ये र जे वर आहे आणि ऱ शिफ्ट-जे वर, एवढं लेखकांना सांगितलंत तरी वरचा निम्मा घोळ मुळातच होणार नाही.

आता माझी सर्वांत आवडती सोय, आणि माझ्या मते इमॅक्समधली सर्वांत कमी वापरली जाणारी. रिप्लेस-रेजेक्सप या नमुन्याने शोधून बदलणाऱ्या आज्ञेत बदलीचा मजकूर लिहिताना बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम दिला की पुढे कंसात लिस्पमधलं (इमॅक्सच्या अंगच्या प्रोग्रामिंग भाषेतलं) छोटं गणित लिहिता येतं, आणि प्रत्येक सापडलेल्या ठिकाणी ते नव्याने केलं जातं. समजा सभासद क्रमांक ५०० ने पुढे सरकवायचेत. शोधायचं [0-9]+ (म्हणजे सलग आलेले आकडे) आणि बदली म्हणून \,(+ 500 \#&) द्यायचं. कंस मिटण्याआधीच्या तीन चिन्हांचा अर्थ 'जे सापडलं ते, आकडा म्हणून'. यादी शेकडो नावांची असली तरी काम तेवढंच. नुसतं \# लिहिलं तर आतापर्यंत किती बदल झाले तो आकडा शून्यापासून मिळतो, म्हणजे अनुक्रमांक घालायलाही हेच. आणि बदलीत \? घातलं तर तिथे काय घालायचं ते इमॅक्स दर वेळी तुम्हाला विचारतं.

याचा वडोदऱ्यात विशेष उपयोग होतो. युनिकोडमधल्या भारतीय लिप्यांचे पट्टे इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून आखलेत, म्हणून त्यांत अक्षरं एकाच क्रमाने बसवलेली आहेत. देवनागरी क चा क्रमांक २३२५, गुजराती क चा २७०९. फरक ३८४. ख, ग, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळ्यांचा फरक तोच. म्हणजे मराठीत टाइप केलेली सभासदांची नावं गुजराती लिपीत हवी असतील तर नव्याने टाइप करायची गरज नाही. चंद्रबिंदूपासून हलन्तापर्यंतची चिन्हं चौकटी कंसात, मध्ये हायफन देऊन, शोधायची, आणि बदलीच्या गणितात: सापडलेलं अक्षर घ्यायचं, स्ट्रिंग-टू-चार या फंक्शनने त्याचा क्रमांक काढायचा, ३८४ मिळवायचे, स्ट्रिंग या फंक्शनने पुन्हा अक्षर करायचं. फंक्शनची नावं इंग्रजी लिपीत लिहायची हे वेगळं सांगायला नको. चौकटी कंसात सुटा चंद्रबिंदू किंवा हलन्त टाइप केला की तो शेजारच्या चिन्हाला चिकटून विचित्र दिसतो. दिसू द्या, काम बरोबर होतं.

दोन अक्षरं आधी हाताळावी लागतात आणि दोन्ही खास आपली आहेत. ऱ च्या समोर गुजराती पट्ट्यात रिकामी जागा आहे, तेव्हा आधी ऱ चा र करून घ्यायचा. ॲ चा क्रमांक २४१८, म्हणजे शोधायच्या टप्प्याच्या बाहेर, आणि ३८४ मिळवले तरी पलीकडे काही नाही. त्याच्या जागी आधी ऍ घालून घेतलं की ते नीट उतरतं. दंडाला हात लावायचा नाही, गुजरातीतही देवनागरी पट्ट्यातलाच दंड वापरतात, आणि आपण घेतलेल्या टप्प्यात तो येतही नाही. आकड्यांसाठी वेगळी फेरी मारा, मिळवायचे ३८४च. याच रीतीने देवनागरी आकडे इंग्रजी करायचे तर २३५८ वजा करायचे, कारण देवनागरी शून्य २४०६ आणि इंग्रजी शून्य ४८. वरचं ५०० मिळवायचं गणित इंग्रजी आकड्यांवरच चालतं, त्यामुळे ही फेरी तुम्हाला लागेलच.

यात फक्त लिपी बदलते हे ध्यानात असू द्या. नावं छान उतरतात, पत्ते तपासावे लागतात. आपण 'दांडिया बाजार' लिहितो, गुजराती पाटीवर 'दांडिया बजार' असतं. असे शब्द एकदा नजरेखालून घाला.

लिस्प येत नाही म्हणून मागे हटू नका. शॉर्टडॉक ही आज्ञा चालवून स्ट्रिंग हा गट निवडा. मजकुरावर चालणारी फंक्शनं, प्रत्येकाच्या छोट्या उदाहरणासह आणि उत्तरासह, एका पानावर दिसतात. लिस्पचं पुस्तक न उघडता एवढ्यावर निभावणारी माणसं मी पाहिली आहेत.

मजकूर दुरुस्तीत अनडूचा एक प्रकार फार मोलाचा आहे. सकाळी तुम्ही तिसरा परिच्छेद बदललात, नंतर दहा ठिकाणी इतर दुरुस्त्या केल्यात, आणि आता लेखकाला तिसरा परिच्छेद मूळचाच हवाय. साधा अनडू सगळ्या दुरुस्त्या उलट क्रमाने घालवेल. त्याऐवजी तेवढा परिच्छेद निवडा आणि मग कंट्रोल-स्लॅश दाबत राहा. निवडलेल्या भागातलेच बदल मागे जातात, बाकीचं पान हलत नाही. लेखकाशी फोनवर बोलता बोलता करण्याजोगं काम आहे हे.

कीबोर्ड मॅक्रो तुम्ही ऐकले असतील: एफ३ ने ध्वनिमुद्रणासारखी नोंद सुरू, एफ४ ने बंद, पुन्हा एफ४ ने तीच कृती. कमी माहीत असलेल्या गोष्टी दोन. मजकूर निवडून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-के, आर दाबलं की निवडलेल्या प्रत्येक ओळीवर मॅक्रो एकेकदा चालतो. आणि नोंद सुरू करायला विसरून कृती करून मोकळे झालात तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-के, एल. त्या शेवटच्या तीनशे कीज पुढ्यात येतात, नको त्या खोडून उरलेल्यांचा मॅक्रो करता येतो.

बाकीच्या काही सोयी नुसत्या सांगून ठेवतो, कधी लागल्या तर वरच्या पद्धतीने इमॅक्सलाच विचारा. फोल्डर डायर्डमध्ये (इमॅक्समधल्या फाइलींच्या यादीत) उघडून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क्यू केलं की फाइलींची नावं साध्या मजकुरासारखी बदलता येतात. स्मरणिकेच्या फोटोंना ओळीने नावं द्यायला हे उत्तम, आणि आकड्यांची वरची युक्ती तिथेही चालते. मेटा-एस, ओ ने एका शब्दाच्या सगळ्या ओळी एकत्र येतात आणि त्या यादीत ई दाबलं की तिथल्या तिथे दुरुस्त करता येतात, मूळ लेखात बदल आपोआप होतो. शुद्धलेखन सारखं करायला मी हेच वापरतो. रुंद पडद्यावर शेजारी दोन खिडक्या करून फॉलो-मोड लावला की एकच लेख डावीकडून उजवीकडे सलग वाहतो, मुद्रितशोधनाला डोळ्यांना बरं पडतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर मात्र कोणत्याही एन्कोडिंगने उघडून सुधारणार नाही. तो फॉन्टचा प्रश्न आहे, त्याला रूपांतरकच लागतो.

शेवटी यादीचा क्रम, कारण छापून आल्यावर सभासद सर्वांत आधी तेच बघतात. सॉर्ट-लाइन्स ही आज्ञा युनिकोड क्रमांकाने लावते. त्यात ळ हा ल नंतर लगेच येतो, पण आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर. म्हणून इमॅक्स 'काळे' आधी आणि 'काशीकर' नंतर लावतं, आपल्याला उलट हवं असतं. उपाय असा: लावण्यापूर्वी सगळ्या ळ च्या जागी अवग्रह, म्हणजे ऽ, घाला. युनिकोडमध्ये तो ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी बसतो, अगदी ळ ला हवी त्याच जागी, आणि माणसांच्या नावात तो सहसा नसतो. मधल्या काळात नावं वेडीवाकडी दिसतील. सॉर्ट-लाइन्स चालवा, मग ऽ पुन्हा ळ करा. 'कळमकर' हे 'कानडे'च्या आधी आणि 'काळे' हे 'काशीकर'च्या नंतर, दोन्ही नीट येतात.

या तीन पायऱ्या एका मॅक्रोत नोंदवा. प्रत्येक पायरीआधी कंट्रोल-एक्स, एच ने सगळं बफर निवडा, म्हणजे वरची एखादी ओळ सुटत नाही. मग कंट्रोल-एक्स, कंट्रोल-के, एन ने त्याला नाव द्या आणि तुमची इनिट फाइल (इमॅक्स सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) उघडून तिथे इन्सर्ट-केबीडी-मॅक्रो चालवा. तो मॅक्रो तिथे लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वर्षी यादी आली की नावाने हाक मारून चालतो. तुमची कॉन्फिग इथून सुरू करा.